कुटुंब सार्वजनिक जीवन कसं घडवतं, हे शिकवायचंय? तयारीपासून मूल्यमापनापर्यंतची रीत

या विषयावरचं सत्र बहुतेक वेळा पहिल्या दहा मिनिटांतच घसरतं. 'कुटुंब हा समाजाचा पाया आहे' असं कुणीतरी म्हणतं, सगळे माना डोलावतात आणि मग गाडी 'हल्लीची कुटुंबं' या विषयावर जाते. तास संपतो तेव्हा प्रत्येक जण येताना आणलेलं मत घेऊनच परत जातो. विद्यार्थी असोत, परिचारिका असोत, समाजकार्यकर्ते असोत की प्रशासनातले अधिकारी, हे सगळ्यांच्या बाबतीत घडतं. दोष त्यांचा नसतो. चांगलं कुटुंब कसं असावं हे शिकवण्यात आपला वेळ जातो आणि घरात झालेला एखादा निर्णय कोणत्या वाटेने सार्वजनिक व्यवहारापर्यंत पोहोचतो हे शिकवायचं राहून जातं.

पुढची रीत प्रत्येकी दोन तासांच्या चार सत्रांसाठी आणि वीस ते तीस सहभागींसाठी आहे. वेळ कमी असेल तर सत्रं कमी करा, क्रम मात्र बदलू नका.

टप्पा १ : शेवटी काय यायला हवं, ते आधी लिहा

विषय मोठा आहे म्हणून उद्दिष्ट ढोबळ ठेवलं की पुढचं सगळंच ढोबळ होतं. शेवटच्या सत्रानंतर सहभागीला तीन कामं करता आली पाहिजेत:

1. एखादी सार्वजनिक बाब घेऊन तिच्यामागचे घरांतले निर्णय साखळीने दाखवणं.
2. एखादा नियम किंवा योजना वाचून ती कोणत्या प्रकारच्या घरांवर कशी पडेल ते सांगणं.
3. आपल्या विधानांपैकी कोणतं पुराव्यावर उभं आहे आणि कोणता नुसता अंदाज आहे, हे वेगळं करणं.

'कुटुंबाचं महत्त्व समजणं' असं उद्दिष्ट आराखड्यात असेल तर खोडून टाका. ते तपासता येत नाही, शिवाय त्यामुळे सत्र कौतुकाकडे झुकतं.

*तपासा:* तिन्ही कामं लेखी परीक्षेत किंवा प्रत्यक्ष कामात तपासता येतील का? नसतील तर पुन्हा लिहा.

टप्पा २ : समोर कोण बसणार आहे, ते समजून घ्या

विद्यार्थी आणि नोकरी करणारे यांच्यातला खरा फरक अनुभवात कमी आणि अधिकारात जास्त असतो. विद्यार्थ्याला नियम बदलता येत नाही, म्हणून त्याला विश्लेषण शिकवायचं. दवाखान्यातल्या परिचारिकेच्या हातात मात्र नातेवाइकांच्या भेटीची वेळ असते, शिक्षकाच्या हातात पालकसभेची, मनुष्यबळ विभागातल्या माणसाच्या हातात रजेचा अर्ज. त्यांच्यासाठी सत्राचा शेवट अशाच एखाद्या हातातल्या गोष्टीपाशी व्हायला हवा.

दोन आठवडे आधी एक छोटा प्रश्न पाठवा: 'तुमच्या अभ्यासात किंवा कामात लोकांच्या घरच्या परिस्थितीमुळे अडणारी एक गोष्ट लिहा.' आलेली उत्तरं हाच तुमचा उदाहरणांचा साठा. पुस्तकातल्या उदाहरणापेक्षा ही उत्तरं कितीतरी पटींनी उपयोगी पडतात, कारण त्यांत तपशील असतो.

*सावधान:* 'तुमच्या घरची' अडचण विचारू नका, 'कामात दिसणारी' अडचण विचारा. का, ते टप्पा ४ मध्ये येतं.

टप्पा ३ : मोजायचं एकक ठरवा

ही पायरी सर्वाधिक वेळा गाळली जाते आणि पुढचे निम्मे वाद तिथूनच निघतात. एका ठिकाणी राहून खाण्यापिण्याची सोय एकत्र करणारी माणसं हा एक गट. जन्म, विवाह किंवा दत्तकविधान यांनी जोडलेली माणसं हा दुसरा. संयुक्त राष्ट्रांच्या जनगणनेच्या शिफारशींत हे दोन गट वेगळे धरलेले आहेत. भारताची जनगणनाही साधारणपणे एकत्र राहून एकाच स्वयंपाकघरातून जेवणाऱ्यांना एक घर मानते. मग ते नातेवाईक असोत वा नसोत.

आता दुसऱ्या शहरात नोकरी करून दरमहा पैसे पाठवणारा मुलगा घ्या. पाहणीच्या कागदावर तो आईवडिलांच्या घरात नसतो, पण त्या घराचा खर्च, औषधपाणी, बहिणीचं शिक्षण हे सगळं त्याच्या निर्णयांवर चालतं. एकाच इमारतीत दोन वेगळ्या खोल्यांत राहणारे भाऊ आकडेवारीत दोन घरं असतात. नातवंडं सांभाळायची वेळ आली की मात्र ते एकच होतात. सरकारी आकडा बहुधा पहिल्या गटाचा असतो आणि आपण बोलत असतो दुसऱ्याबद्दल.

म्हणून प्रत्येक उदाहरणावर 'एकत्र राहणारे' किंवा 'नात्याने जोडलेले' असा शिक्का आधीच मारून ठेवा. याशिवाय किमान सहा वेगवेगळ्या घरांची वर्णनं तयार करा: एकटी ज्येष्ठ व्यक्ती, एकल पालक, तीन पिढ्या एकत्र, मूल नसलेलं जोडपं, अपंग प्रौढ व्यक्तीला सांभाळणारे भावंड, कमावती व्यक्ती परगावी असलेलं घर. प्रत्येक वर्णन चार-पाच ओळींचं असावं आणि त्यात उत्पन्न, घरातली कामं, प्रवास यांचा उल्लेख हवा. ही पत्रकं पहिल्या आणि चौथ्या सत्रात लागतील.

*तपासा:* सहाही घरांत आईच सगळं करते असं झालंय का? बहुतेकदा झालेलं असतं. दोन पत्रकं बदला.

टप्पा ४ : खासगीपणाचे नियम आधी सांगा

'आपापल्या घराबद्दल सांगा' या सुरुवातीने वातावरण मोकळं होतं, असं अनेक प्रशिक्षकांना वाटतं. माझं मत याच्या थेट उलट आहे. ज्याच्या घरी हिंसा आहे, व्यसन आहे, नुकताच मृत्यू झालाय किंवा विभक्त होण्याचं प्रकरण चालू आहे, त्याच्यासमोर या वाक्याने दोनच रस्ते उरतात: खोटं बोलणं किंवा उघडं पडणं. सहकारी आणि वरिष्ठ एकाच खोलीत असतील तर धोका आणखी वाढतो.

पहिल्याच मिनिटाला तीन नियम फळ्यावर लिहा. स्वतःच्या घराचं उदाहरण कुणीही मागायचं नाही. कुणी आपणहून दिलं तर ते खोलीबाहेर न्यायचं नाही. कामातली प्रकरणं सांगताना माणूस ओळखू येईल असा तपशील बदलायचा. आणि कुणी अस्वस्थ होऊन बाहेर गेलं तर त्याच्याशी कोण बोलणार, तेही आधीच ठरलेलं असावं. हे काम सत्र चालवणाऱ्याने अंगावर घेऊ नये, कारण त्याला खोली सोडता येत नाही.

टप्पा ५ : पहिलं सत्र – साखळी बांधणं

सगळ्या अभ्यासक्रमाचं काळीज हे सत्र आहे. इथे घाई केली तर पुढची तिन्ही सत्रं पोकळ होतात.

सिद्धांताने सुरुवात करू नका. मानसशास्त्रज्ञ युरी ब्रॉनफेनब्रेनर यांनी मुलाभोवतीची वर्तुळं मांडली: घर, शाळा, पालकांची नोकरीची जागा, त्यापलीकडची धोरणं आणि मूल्यं. मूल ज्या कचेरीत कधी पाऊलही टाकत नाही, तिथल्या वेळापत्रकाचा त्याच्या दिवसावर परिणाम होतो, हा त्यातला सर्वांत उपयोगी विचार. पण तो सत्राच्या शेवटी दहा मिनिटांत सांगा. आधी सांगितला की सहभागी वर्तुळं पाठ करतात आणि साखळी बांधत नाहीत.

क्रम असा:

1. एक रोजची सार्वजनिक बाब द्या. उदाहरणार्थ, 'दुपारच्या वेळी शहर बसच्या फेऱ्या कमी आहेत.'
2. गटांना घरांची पत्रकं वाटा. ही बाब त्या घरात कुणाच्या दिवसाला स्पर्श करते, ते त्यांनी शोधायचं.
3. त्या घराने काय निर्णय घेतला असेल, ते एका चिठ्ठीवर लिहायचं.
4. अनेक घरांनी तोच निर्णय घेतला तर बाहेर काय बदलेल, ते पुढच्या चिठ्ठीवर.
5. किमान पाच चिठ्ठ्यांपर्यंत जायचं आणि शेवटची चिठ्ठी पहिलीला जोडता येते का ते पाहायचं.

बसचंच उदाहरण चालवून पाहू. वेळापत्रक घर ते कचेरी आणि कचेरी ते घर अशा सरळ प्रवासावर बेतलेलं असतं. मुलाला शाळेतून आणणं, सासऱ्यांना तपासणीला नेणं, वाटेत औषधं घेणं हा तुटक प्रवास दुपारीच होतो आणि आखणीत तो मोजलाच जात नाही. माद्रिदच्या नगररचनातज्ज्ञ इनेस सांचेझ दे मादारियागा यांनी अशा सांभाळणुकीच्या प्रवासाची वेगळी मोजदाद व्हावी, ही मागणी अभ्यासकांसमोर ठेवली. आता घर काय करतं? बस मिळत नाही म्हणून दुचाकी घेतं. अशी घरं वाढली की दुपारचे प्रवासी आणखी घटतात, तोट्याचं कारण दाखवून आणखी फेऱ्या कापल्या जातात आणि वाहनतळ व रुंद रस्त्यांची मागणी वाढते. दुसरं एखादं घर दुचाकी घेत नाही. त्या घरातली बाई पूर्ण वेळेची नोकरी सोडून अर्ध्या वेळेची धरते. या घराची साखळी रस्त्याकडे जात नाही, रोजगाराच्या आकडेवारीकडे जाते. एकाच बाबीतून दोन घरांच्या दोन साखळ्या निघाल्या, हे फळ्यावर शेजारी शेजारी दिसलं पाहिजे.

साखळी तपासण्याचा माझा नियम कडक आहे: प्रत्येक चिठ्ठीवर माणूस, त्याचा निर्णय आणि त्या निर्णयाचा परिणाम या तिन्ही गोष्टी हव्यात. 'समाज', 'संस्कृती', 'मानसिकता', 'पाश्चात्य प्रभाव' हे कर्ते म्हणून चालणार नाहीत. 'मानसिकतेमुळे मुली शिकत नाहीत' ही चिठ्ठी परत द्या. 'शाळा लांब आहे, संध्याकाळी आणायला कुणी मोकळं नाही, म्हणून वडिलांनी आठवीनंतर नाव काढलं' अशी ती झाली पाहिजे.

सर्व चिठ्ठ्या झाल्यावर प्रत्येकीच्या कोपऱ्यात 'माहीत', 'अंदाज' किंवा 'मत' लिहायला लावा. पहिल्या फेरीत 'माहीत' फार कमी निघतात. तसंच व्हायला हवं. दुसऱ्या सत्राची गरज इथूनच निर्माण होते.

*नेहमीची चूक:* मधली कडी गाळणं. 'आईवडील दोघंही नोकरी करतात, म्हणून गुन्हेगारी वाढते' या वाक्यात निदान चार कड्या गायब आहेत. त्यांतली प्रत्येक लिहायला लावली की बहुतेक वेळा सहभागी स्वतःच वाक्य मागे घेतो.

टप्पा ६ : दुसरं सत्र – आकडे वाचणं

थोडेच आकडे घ्या, पण पूर्ण उलगडा. मी दोन घेतो.

पहिला वेळेचा. भारताच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी 299 मिनिटं आणि पुरुष 97 मिनिटं देताना दिसले. हा आकडा फळ्यावर लिहून विचारा: यात कोण मोजलं गेलंय? उत्तर असं की ज्यांनी त्या दिवशी हे काम केलं, तेवढेच. स्त्रियांपैकी 81.2 टक्के जणींनी ते केलं होतं आणि पुरुषांपैकी 26.1 टक्के जणांनी. काम न केलेल्यांनाही धरलं तर सरासरी साधारण 243 आणि 25 मिनिटांवर येते. तिपटीचा वाटणारा फरक जवळजवळ दसपट होतो. सहभागींना हा गुणाकार स्वतः करू द्या. सांगून टाकलात तर या धड्यातला जीव जातो.

मग जगाचं चित्र. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2018 मध्ये 64 देशांच्या आकडेवारीवरून मांडलं की बिनपगारी सांभाळणुकीच्या कामावर रोज 1,640 कोटी तास खर्च होतात. म्हणजे दोनशे कोटी माणसांनी रोज आठ तास विनावेतन राबावं, इतकं काम. त्यातलं 76.2 टक्के स्त्रिया करतात. 'हे काम घरांनी उद्या थांबवलं तर कोणत्या सार्वजनिक संस्थेवर पहिल्यांदा ताण येईल?' असं विचारा आणि उत्तरं पहिल्या सत्रातल्या साखळ्यांना जोडायला लावा.

दुसरा आकडा मतांचा. आईवडिलांचे राजकीय विचार मुलांत किती उतरतात, यावर आधी हात वर करून अंदाज घ्या. मग अमेरिकेतल्या केंट जेनिंग्स आणि रिचर्ड नीमी यांच्या अभ्यासाबद्दल सांगा. त्यांनी 1965 मध्ये शालान्त वर्गातली मुलं आणि त्यांचे पालक या दोघांनाही स्वतंत्र प्रश्न विचारले. पक्षाची ओढ बऱ्यापैकी जुळली, पण एकेका प्रश्नावरची मतं खूपच कमी जुळली. 'घरात जे शिकवलं तेच मूल होतं' या समजुतीला इथे चांगला तडा जातो.

*सावधान:* तो निष्कर्ष त्या देशाचा आणि त्या काळाचा आहे. आपल्या सहभागींवर तो जसाच्या तसा लावू नका. इथे तो प्रश्न कसा तपासता येईल, एवढंच विचारा.

टप्पा ७ : तिसरं सत्र – घरचं दुःख सार्वजनिक मागणी कसं होतं

आतापर्यंत घरं आपापल्या जागी निर्णय घेत होती. आता ती एकत्र येतात. अर्जेंटिनात लष्करी राजवटीने पळवून नेलेल्या मुलांचा शोध घेणाऱ्या आया 30 एप्रिल 1977 रोजी ब्युनोस आयर्सच्या प्लाझा दे मायो चौकात पहिल्यांदा जमल्या. त्या होत्या चौदा. पुढे कैदेत जन्मलेली नातवंडं शोधणाऱ्या आज्यांनी शास्त्रज्ञांना विचारलं: मुलाचे आईबाप हयात नसतील, तर आजीच्या रक्तावरून नातं सिद्ध करता येईल का? त्यातून आजी-नातवंडांचं नातं ठरवण्याची जनुकीय पद्धत उभी राहिली आणि 1987 मध्ये देशात राष्ट्रीय जनुकीय माहितीपेढी कायद्याने स्थापन झाली. एका घरगुती प्रश्नातून प्रयोगशाळेतली पद्धतही घडली आणि कायदाही.

दुसरं प्रकरण अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचं. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांना सरकारी शाळा प्रवेश नाकारत होत्या. पालकांच्या संघटनेने राज्याविरुद्ध दावा लावला, 1971 मध्ये तडजोडीचा आदेश मिळवला आणि 1975 मध्ये अपंग मुलांच्या शिक्षणाचा देशव्यापी कायदा झाला.

प्रत्येक प्रकरणावर याच क्रमाने प्रश्न घ्या: दुःख कुणाचं होतं? ही माणसं एकमेकांना कशी सापडली? नेमकी मागणी काय होती? कोणत्या संस्थेचं दार ठोठावलं? कोणता नियम बदलला? बाहेर कोण राहिलं? सगळ्यांत जास्त वेळ तिसऱ्या प्रश्नाला द्या. 'न्याय हवा' ही मागणी नव्हे. 'या मुलांना शाळेत घ्या' ही मागणी आहे.

इथेच थांबलात तर सत्र पुन्हा कौतुकाकडे जातं. म्हणून तिसरं प्रकरण उलट्या बाजूचं घ्याच. 1974 मध्ये बॉस्टनमध्ये न्यायालयाने शाळांतलं वर्णभेदी विभाजन मोडण्याचा आदेश दिला, तेव्हा अनेक गोरे पालक संघटित होऊन त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले. तेही पालकच होते आणि तेही मुलांच्या नावानेच बोलत होते. तेच सहा प्रश्न इथेही विचारा. घराणेशाही आणि नात्यागोत्यातल्या नेमणुकाही याच खात्यात येतात. घर आपल्या माणसांसाठी जे करतं ते इतरांच्या वाटणीचं काढून घेणारं असू शकतं, हे सहभागींना स्वतःला दिसू द्या.

टप्पा ८ : चौथं सत्र – नियमाची घरोघरी तपासणी

ब्रिटनने ऑक्टोबर 2014 मध्ये धोरण आखणाऱ्यांसाठी कौटुंबिक चाचणी आणली. कुटुंब तयार होण्यावर, मूल होणं, नोकरी जाणं, मृत्यू किंवा आजारपण यांसारख्या वळणांवर, एकमेकांना सांभाळण्याच्या क्षमतेवर, जोडपी विभक्त होण्याच्या काळात आणि नाती तुटण्याचा धोका जास्त असलेल्या घरांवर धोरणाचा काय परिणाम होईल, असे तिचे पाच प्रश्न. ते तसेच वापरा, पण प्रत्येक प्रश्न टप्पा ३ मधल्या सहाही पत्रकांवरून फिरवा. 'सरासरी कुटुंब' तपासणीत कधीही येऊ देऊ नका.

सराव म्हणून स्वीडनचा नियम द्या. 1974 मध्ये तिथे मातृत्व रजेच्या जागी पालकत्व रजा आली आणि ती आई किंवा वडील कुणीही घ्यावी असं ठरलं. कागदावर नियम दोघांना समान होता, प्रत्यक्षात रजा बहुतेक आयाच घेत राहिल्या. 1995 मध्ये प्रत्येक पालकासाठी एक महिना राखीव झाला: वापरा, नाहीतर तो बुडेल. त्यानंतर रजा घेणारे वडील ठळकपणे वाढले. 'कुणीही' हा शब्द घरात आधीपासून जी वाटणी आहे तिच्यावरच जाऊन बसतो, हे शोधायला गटांना पंधरा मिनिटं द्या. उत्तर स्वतः सांगू नका.

नंतर विद्यार्थ्यांनी एखाद्या सरकारी योजनेचा अर्ज तपासावा. नोकरदारांनी आपल्याच संस्थेचा एक कागद आणावा: भेटीच्या वेळा, प्रवेश अर्ज, रजेचा नियम, बैठकीचं वेळापत्रक. कुणाला 'कुटुंबप्रमुख' ही रकाना भरता येणार नाही? सकाळी दहाची वेळ कुणाला अशक्य आहे? अर्जावर दोन्ही पालकांच्या सह्या हव्यात, तर एकल पालकाने काय करायचं?

*सावधान:* या सत्रात कोणत्या पक्षाचं धोरण बरं, असा वाद पेटतो. परिणाम सांगणं तुमचं काम, शिफारस करणं नव्हे. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये 1993 पासून आमदारांसाठी कुटुंबविषयक चर्चासत्रं याच तत्त्वावर चालली: पर्याय आणि पुरावे मांडायचे, बाजू घ्यायची नाही. एकदा बाजू घेतलीत की निम्मी खोली तुमचे आकडेही ऐकणं थांबवते.

टप्पा ९ : मूल्यमापन

निबंध देऊ नका. न पाहिलेली एक सार्वजनिक बाब आणि दोन अनोळखी घरांची पत्रकं द्या आणि चाळीस मिनिटांत दोन साखळ्या मागा. निम्मे गुण कड्या सलग असण्याला द्या. उरलेल्यांतले बहुतेक 'माहीत', 'अंदाज', 'मत' यांच्या खुणा प्रामाणिक असण्याला. भाषेच्या सफाईला जवळजवळ काहीच नाही. अंदाजाला अंदाज म्हणणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण कापले जात नाहीत, हे परीक्षेआधी स्पष्ट सांगा. नाहीतर सगळेच 'माहीत' लिहितात.

नोकरदारांचं मूल्यमापन सहा आठवड्यांनी करा. चौथ्या सत्रात तपासलेला कागद पुन्हा मागवा. बदलला असेल तर जुना आणि नवा शेजारी ठेवून कोणत्या घरांना वाट मोकळी झाली आणि नवी अडचण कुणाला आली, ते दोन परिच्छेदांत लिहून घ्या. बदलला नसेल तर तो कोणत्या टेबलावर अडला, तिथल्या माणसाने काय कारण दिलं आणि त्या कारणाला उत्तर द्यायला कोणता पुरावा लागेल, हे लिहून घ्या. पुढच्या तुकडीच्या दुसऱ्या सत्रात हेच कागद आकड्यांच्या शेजारी ठेवता येतात. मात्र त्याआधी संस्थेचं आणि माणसांचं नाव त्यांवरून काढून टाका.